माईक लावू नका

महोदय,

दक्षिण मुंबईत नुकत्याच झालेल्या अठराव्या शतकातल्या हँडल या युरोपीय संगीतकाराच्या 'मेसाया' या, गायकसमूह आणि वाद्यवृंदासाठी रचलेल्या धार्मिक रचनेच्या मैफलीबद्दल एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. आवाज पुरत नव्हता, वाद्ये जुळवण्यातच वेळ गेला, पुढच्या वेळी माईक लावावेत, असे त्यांचे म्हणणे. त्या संध्याकाळी मीही होतो, तोही वरच्या बाल्कनीत. आयोजकांनी ही सूचना मनावर घेऊ नये, यासाठी हे पत्र.

मी सारंगी वाजवतो, त्यामुळे माझी नजर आधी व्हायोलिनच्या तारांकडे गेली. त्या पोलादी नव्हत्या, तातीच्या होत्या. सारंगीच्या तीन मुख्य तारा असतात तशा, आतड्याच्या. तात ओल शोषते. मुंबईच्या दमट हवेतून ती एसीच्या गारव्यात नेली की पाहता पाहता सूर ढळतो. म्हणून वादक मध्येच थांबत, ऑर्गनवर एक स्वर धरला जाई आणि एकेक जण खुंटी पिळू लागे. शेजारच्या बाई कंटाळून घड्याळ पाहत होत्या. मला मात्र त्या वादकांबद्दल आदर वाटला. बेसूर वाजवून वेळ वाचवणे त्यांना सहज जमले असते.

पट्टीही त्यांनी जुनी धरली होती. आजचे वाद्यवृंद 'ए' हा स्वर साधारण ४४० हर्ट्झला लावतात, जुन्या वाद्यांवर बरोक, म्हणजे हँडलच्या काळातले, संगीत वाजवणारे बहुधा ४१५ ला. पेटीवाल्यांच्या भाषेत, पांढरी सहा काळी चारवर, म्हणजे अर्धा स्वर खाली येते. तारेवरचा ताण उतरतो, आवाज मऊ होतो. हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचे पट्ट्यांचे वाद्य, त्याची पट्टी कितीही जोराने दाबा, आवाज फारसा वाढत नाही, कारण आत तार छेडली जाते. आणि तो वाजवणाऱ्यापुढे सगळे लिहिलेले नसते. खर्जाची ओळ आणि तिच्याजवळ आकडे, एवढेच. बाकीचे त्याने जागच्या जागी भरायचे. आयुष्यभर साथ केलेल्या माणसाला त्याचे मोल सांगावे लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. या रचनेत हँडलने नगारे किती जपून ठेवले आहेत पाहा. ते पहिल्यांदा वाजतात ते दुसऱ्या भागाच्या अखेरीस, 'हालेलुया' या समूहगानात. तोवर आपला कान हलक्या आवाजाला सरावलेला असतो, म्हणून पंचवीस-तीस गायकांचा समूहसुद्धा अंगावर येतो. बाल्कनीत माझ्या अंगावर काटा आला. सुरुवातीपासून कर्ण्यातून आवाज आला असता तर चढायला जागाच उरली नसती. तिसऱ्या भागात बिनकळांचा ट्रम्पेट वाजतो, त्यात सगळे स्वर ओठांनी काढायचे असतात. वादकाचे दोनेक स्वर हुकले, हे खरे. तरी त्या खर्ज आवाजाच्या गायकाला न झाकता तो ज्या बेताने वाजला, ते माईकवाल्या मैफलीत मी ऐकलेले नाही.

१३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये याचा पहिला प्रयोग झाला, तो कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांच्या आणि इस्पितळांच्या मदतीसाठी. जास्त माणसे मावावीत म्हणून बायकांनी घेरदार सांगाड्याचे झगे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून याव्यात, अशी विनंती केली होती. समूहातले गायक होते ते गावातल्या दोन कॅथेड्रलमधले, म्हणजे मोठ्या चर्चमधले. हजारो गायकांचे 'मेसाया' पुढच्या शतकात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये सुरू झाले, आणि त्या थाटाच्या ध्वनिमुद्रिका ऐकून आलेल्याला मूळ प्रमाण लहान वाटणारच.

आपल्याकडे तरी वेगळे काय होते? माईक येण्याआधी संगीत नाटकातली पदे पिटातल्या, म्हणजे स्वस्त जागांवरच्या, प्रेक्षकालाही ऐकू जात. बालगंधर्वांमागे कादरबक्षांची सारंगी असे, तीही ऐकू येई. माईकशिवाय गाणे पोहोचावे या हिशेबाने बांधलेले टाटा थिएटर याच शहरात १९८० पासून उभे आहे.

तेव्हा आयोजकांना विनंती एवढीच. पुढच्या वेळी सभागृह लहान घ्या, एसी तासभर आधी चालू करून वाद्यांना हवा सोसू द्या, आणि वादक सूर का जुळवत आहेत हे आरंभी दोन वाक्यांत, मराठीतही, सांगा. लहान सभागृहामुळे खर्च भागत नसेल तर तिकीट थोडे वाढवा. माझ्यासारखे लोक तरीही येतील.

– एक सारंगीवादक, गिरगाव, मुंबई