मंत्रिमहोदय, माझी तक्रार निकाली निघालेली नाही

मा. ऊर्जामंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

परवा दुपारी मोबाईलवर संदेश आला: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' त्या वेळी मी शेजारच्या वहिनींना फाटलेल्या पत्र्याचे पैसे द्यायला निघाले होते. गेल्या महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्यात माझ्या गच्चीवरची दोन सोलर पॅनेल सांगाड्यासकट उडून त्यांच्या पत्र्यावर पडली. खाली त्यांची नात झोपली होती. हातभर अंतरानं वाचली. तक्रार केली तेव्हा पडलेली पॅनेल पंचनामा होईपर्यंत हलवू नका असं मला फोनवर सांगितलं, म्हणून ती पॅनेल आजही त्याच पत्र्यावर आहेत. पंचनाम्याला कुणी आलं नाही. मग निकाली काय निघालं, हे कृपया मला कळवावं.

मी निवृत्त शिक्षिका आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. यांना तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, तेव्हापासून हे अंथरुणावर आहेत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आहे, तिचा पंप चोवीस तास चालतो. सोलापूरचा उन्हाळा आपल्याला मी सांगायला नको. एप्रिल लागला की पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि कूलर रात्रीसुद्धा बंद करता येत नाही. बिल पेन्शनीत मावेना, म्हणून सरकारी अनुदानाच्या योजनेतून सोलर बसवायचं ठरवलं. हौस म्हणून नाही.

आता मी माणूस कसा निवडला ते ऐका, कारण सगळे मलाच विचारतात, 'बाई, नीट चौकशी नाही का केली?' केली. तीन ठिकाणचे दर घेतले. एकानं गच्ची न बघताच फोटोवरून आकडा सांगितला, त्याला नको म्हटलं. दुसरा फार महाग वाटला. तिसरा मुलगा घरी आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, 'बाई, मी तुमच्या चौथीच्या वर्गात होतो.' मला तो आठवलासुद्धा. तरीही मी त्याच्या शब्दावर गेले नाही. सरकारी संकेतस्थळावरची कंपन्यांची यादी उघडली, त्याच्या कागदावरचं नाव तिच्यात शोधलं आणि ते सापडलं. तेव्हा मी हो म्हटलं. माझा विश्वास त्या मुलावर नव्हता, साहेब. तुमच्या यादीवर होता.

तीन किलोवॅटचे 1 लाख 98 हजार ठरले. अठ्ठेचाळीस हजार आगाऊ दिले, बाकी दीड लाख बँकेचं कर्ज. आगाऊ रक्कम त्यानं फोनवरून स्वतःच्या खात्यावर घेतली, 'कंपनीचं नंतर बघतो' म्हणाला. करारावर एका कंपनीचं नाव, कामाला आलेली पोरं दुसऱ्याच कुणाची, आणि पावती तर तिसऱ्याच नावाची, हे मला वादळानंतर कागद एकापुढे एक मांडले तेव्हा कळलं. यादीतली कंपनी म्हणते, 'तो आमचा माणूस नाही, नुसतं काम आणून देत होता.' त्या मुलाचा फोन बंद आहे. आपलं नाव आणि लेटरहेड दुसऱ्याला वापरायला द्यायचं आणि प्रत्येक घरामागे आपला वाटा घ्यायचा, हा धंदा राजरोस चालतो, असं इथले जुने इलेक्ट्रिशियन मला आता सांगतात. त्यांना माहीत आहे, मग यादी करणाऱ्यांना कसं माहीत नाही?

सांगाडा जाड गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, लोखंडाचा हवा होता. निघाला पातळ पाइप, वरून चंदेरी रंग फासलेला. पाय स्लॅबमध्ये अँकर बोल्टनं घट्ट बसवायला हवे होते. ते सिमेंटच्या ठोकळ्यांत रोवून ठोकळे नुसते गच्चीवर ठेवून दिलेले. अर्थिंगचे तीन खड्डे वेगवेगळे असतात: एक पॅनेलकडच्या डीसी बाजूचा, एक इन्व्हर्टरच्या पुढच्या एसी बाजूचा, एक आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाचा. माझ्याकडे एकच खड्डा निघाला आणि तिन्ही तारा त्यात. हे सगळं मला वादळानंतर कळलं. आधी कळण्याचा काही मार्ग होता का? चौथीला भागाकार शिकवणाऱ्या बाईनं लोखंडावरचा मुलामा मायक्रॉनमध्ये मोजून घ्यायचा का?

आणि सावली. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. उजनी शंभर किलोमीटरवर भरून वाहते आणि आम्ही नळाच्या दिवसाची वाट बघतो, म्हणून इथल्या प्रत्येक गच्चीवर दोन-दोन, तीन-तीन टाक्या आहेत. माझ्याही आहेत. पॅनेल त्या टाक्यांच्या पूर्वेला लावली. दुपारी तीननंतर टाक्यांची सावली पसरते, आणि ओळीतल्या एका पॅनेलवर सावली आली तरी अख्ख्या ओळीची वीज घटू शकते. एका किलोवॅटला दिवसाला साधारण चार युनिट, म्हणजे मला बारा मिळायला हवे होते. मिळत होते सात, कधी आठ. तेही आता बघता येत नाही, कारण मोबाईलवर ज्यात आकडे दिसतात त्या ॲपचा पासवर्ड त्या मुलाकडे आहे.

पण या सगळ्यापेक्षा मला एक गोष्ट जास्त लागली. मी त्याला चार वेळा विचारलं होतं की लाईट गेली तर यांच्या गादीचा पंप चालेल ना? 'बाई, सूर्य असेपर्यंत काळजीच नाही.' मे महिन्यात भर दुपारी अडीच तास लाईट गेली. वर ऊन रणरणतंय, पॅनेल तापलेली, आणि घरात सगळं बंद. गादीतली हवा उतरत गेली. मी एकटी, पासष्ट वर्षांची, यांना कुशीवर वळवत बसले. नंतर कळलं की बाहेरच्या तारांत वीज नसली की अशी बिनबॅटरीची सिस्टीम आपोआप बंदच होते, खांबावर चढलेल्या वायरमनला उलटा झटका बसू नये म्हणून. सोय योग्यच आहे, माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. बॅटरीची सिस्टीम वेगळी असते, तिचा खर्चही वेगळा. मग हे एक वाक्य मला कुणी आधी का सांगितलं नाही? तुमच्या जाहिरातींत दर महिना 300 युनिट मोफत एवढं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. त्याखाली एक ओळ मराठीत छापायला काय हरकत होती?

अनुदानाचं अजून बाकीच आहे. तीन किलोवॅटला 78 हजार. ज्यातले वीज बनवणारे सेल भारतात बनले आहेत, अशाच पॅनेलला ते मिळतं. माझ्या पॅनेलवरचे क्रमांक संकेतस्थळावर भरलेल्या क्रमांकांशी जुळत नाहीत म्हणून अडकलंय. क्रमांक मी भरले नव्हते, पॅनेल मी आणली नव्हती. शिक्षा मला. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता कापला जातो.

साहेब, 22 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधानांनी घरांवरच्या सोलरची घोषणा केली. त्याच्या तीनच दिवस आधी ते आमच्या सोलापुरात होते, कुंभारीच्या रे नगरात विडी कामगारांना घरं देण्यासाठी. आम्हाला वाटलं, या उन्हाच्या गावाचा पहिला नंबर लागेल. योजना 75 हजार 21 कोटींची, घरं 1 कोटी. मी कच्चा भागाकार केला तर घरामागे पंचाहत्तर हजार आले. एवढ्या पैशांतले शंभर-दोनशे रुपये तरी काम झाल्यावर गच्चीवर एक जाणता माणूस पाठवायला खर्च झाले असते तर? 2024 च्या नियमांनी 10 किलोवॅटपर्यंतच्या अर्जांची तांत्रिक तपासणी काढून टाकली. काम लवकर व्हावं म्हणून, हे समजतं. ती तपासणी तारांची नि ट्रान्सफॉर्मरची होती, छताची नव्हती, हेही आता मला ठाऊक झालंय. पण मग छत बघायचं कुणी?

तिकडे मंगळवेढ्याला माझ्या भावाच्या रानात सौर पंप आहे. दहा टक्के हिस्सा भरून घेतला. दोन महिने बंद आहे आणि 'माणूस पाठवतो' हे उत्तर त्यालाही पाठ झालंय. म्हणजे हे एका गच्चीचं नाही. तुमच्याकडे किती बसवले याचा आकडा आहे. त्यातले वर्षानं किती चालू आहेत, असं कुणी आम्हाला येऊन विचारलं का? आम्ही शाळेत पटावरची मुलं मोजायचो आणि रोज हजेरीही घ्यायचो. पटावर नाव आहे म्हणून मूल शिकलं, असं मी एकतीस वर्षांत एकदाही लिहिलं नाही. इथे शाळा, दवाखाने, रस्ते, पाणी, सगळीकडे पटच आहे, हजेरी कुठेच नाही. फीत कापायला गर्दी होते, आणि फोन उचलायला माणूस नसतो.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. यादीतल्या प्रत्येक नावापुढे त्यानं किती घरं केली आणि किती तक्रारी आल्या हे लिहा. कामाला प्रत्यक्ष कोण येणार याचं नाव करारात असू द्या, आणि नाव भाड्यानं देणाऱ्याला यादीतून काढा. सांगाडा आणि अर्थिंग तपासल्याशिवाय बँकेनं शेवटचा हप्ता कंपनीला सोडू नये. पाच वर्षं देखभाल करणं त्या कंपनीवर बंधनकारक आहे, आणि यादीत यायला तिच्याकडून बँक हमी घेतली जाते. मग त्या हमीतून माझं काम दुरुस्त करून द्या.

उरलेली चार पॅनेल मी जिन्याखाली गोधडीत गुंडाळून ठेवली आहेत. पाऊस सुरू झालाय आणि वहिनींच्या पत्र्याला अजून ताडपत्री बांधलेली आहे. कृपया आता पुन्हा संदेश पाठवू नका, माणूस पाठवा. मी यांना सोडून कुठे जात नाही, दिवसभर घरीच असते. गच्चीचा जिना बाहेरून आहे, त्याला कुलूप नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
जुळे सोलापूर