एका युनिटचं वजन

नागपूर,
१८ मे

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी पोचली. चार्जर सॉकेटमधून काढा, टीव्ही भिंतीवरच्या बटणानं बंद करा, स्कूटर विका, एसी बंद करा, बाबांनी सायकल घ्यावी. आईनं दोनदा मोठ्यानं वाचून दाखवली, आणि 'पोरगी पुण्याला जाऊन आपल्यालाच शिकवून राहिली' असंही म्हणाली. मला तसं वाटलं नाही. यादीत चुकीचं काही नाही. फक्त सगळ्या ओळी एकाच मापाच्या असल्यासारख्या एकाखाली एक लिहिल्या आहेस, तिथं माझं आणि तुझं जमत नाही. उभी नोकरी कोराडीला कोळशाची वीज करण्यात गेली. युनिट म्हटलं की मला पहिलं त्याचं वजन आठवतं.

एक युनिट वीज करायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. आपल्याकडचा कोळसा काही फार चांगला नाही, त्यात एक तृतीयांश किंवा जास्तच राख असते. म्हणजे घरी एक युनिट जळालं की तिकडे पाव किलोच्या आसपास राख पडली. धुराड्यातून जातो तो कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, ९०० ग्रॅम ते १ किलो. वायू कोळशापेक्षा जड कसा, हा प्रश्न तू शाळेत असताना विचारला होतास. कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन घेतो आणि वायूच्या वजनात मोठा वाटा त्या ऑक्सिजनचाच असतो, म्हणून. आता देशाच्या ग्रिडमध्ये पाणी, वारा, सूर्य, अणू हे सगळं मिसळून येतं, त्यामुळे सरासरी युनिटमागे ७०० ग्रॅमच्या थोडी वर बसते. आपण हिशेबाला ७०० धरू.

आता तुझा चार्जर. फोन शून्यापासून पूर्ण भरायला लागते ती वीज एका युनिटचा पन्नासावा भाग, किंवा त्याहूनही कमी. रिकामा चार्जर भिंतीला लटकत राहिला तर जे जातं ते मोजायला आपल्या घरच्या मीटरची ऐपत नाही. आणि डिसेंबरात आंघोळीची एक बादली? २० लिटर पाणी २० अंशांवरून ४० वर न्यायला जवळजवळ अर्धं युनिट लागतं. एका बादलीत पंचवीस वेळा फोन भरेल. चार्जर आठवणीनं काढायचा आणि गिझर 'आई, जरा लावून ठेव' म्हणून अर्धा तास आधीच लावायचा, हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. गिझर उठल्यावर लावावा, तापला की बंद करावा, आणि घरातल्यांनी एकापाठोपाठ आंघोळी उरकाव्यात. टीव्हीबद्दल मात्र तुझं बरोबर आहे. टीव्ही बंद असला तरी खालचा सेट-टॉप बॉक्स १०-१५ वॅट रात्रंदिवस ओढत असतो. ते बटण मी आता झोपताना बंद करतो. आई सकाळी भजनं सुरू व्हायला वेळ लागतो म्हणून कुरकुरते, तेवढं चालायचंच.

एसीवर मोठं भांडण आहे, म्हणून तिथं जरा थांबतो. दीड टनाचा एसी मे महिन्याच्या रात्री आठ तास चालला की सहा ते आठ युनिटं जातात. सात धर. म्हणजे पाच किलो कर्बवायू, एका रात्रीचा. तुझ्या यादीतली बाकी सगळी कलमं एका पारड्यात टाकलीस तरी हे पारडं जमिनीलाच टेकलेलं राहील. पण पोरी, रात्री अकराला गच्चीच्या स्लॅबला खालून हात लावून पाहिला तर तो अजून उबदार लागतो. आईचं बीपी आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, एकत्र आले की 'एसी बंद' हे वाक्य पुण्यात बसून लिहायला सोपं आहे.

मग आम्ही काय केलं ते सांगतो. दिवसा कूलरच. नागपूरची मेमधली हवा इतकी कोरडी असते की वाळ्याच्या ताट्यांतून आलेला वारा अंगावर येताच माणूस सुखावतो, आणि पंप-पंखा मिळून दोनशे वॅटच्या आसपास काम भागतं. त्यात पाणी जातं हे खरं, आणि तेही पेंच धरणाहून वीज जाळूनच इथवर येतं. टाकी आठवड्याला कोरडी करून घासावी लागते, नाहीतर डेंग्यूचे डास आपल्याच खिडकीत. पाऊस सुरू झाला की कूलर नुसता ओलावा फेकतो, तेव्हा त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये. रात्री एसी लावतो, पण एकाच खोलीत. आजीची खाट तिथंच हलवली, मी खाली गादी टाकतो. २६ अंश आणि वर पंखा. कंपन्या एसी २४ वर ठेवूनच पाठवतात, २०२० पासून तसा नियमच आहे. आणि एक अंश वर नेला की सहा टक्क्यांच्या आसपास वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. तिघांची उकाड्याची सोय एका मशीनवर झाली. आजीच्या घोरण्याचा हिशेब मात्र कुठल्याच तक्त्यात नाही.

पंखे बदलले. जुना पंखा ७०-७५ वॅट, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा, ३० च्या आसपास. नागपुरात पंखा मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत थांबतच नाही, तेव्हा इथं पैसे टाकले ते लवकर वसूल होतात. गच्चीवर पांढरा रंग मारला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. वरच्या खोलीत दुपारी पाय टाकवतो, एवढं पुरे.

आता सायकल. घेतली. नवी नाही, सदरच्या एका दुकानातून जुनीच, साधी, कॅरिअरवाली. दुकानदार गिअरच्या सायकली दाखवत होता. मी म्हटलं, मले डोंगर चढायचा नाही, मंगळवारी बाजारातून भाजी आणायची आहे. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर बदलले, चेन रॉकेलनं धुवून तेल घातलं. सीट मात्र जुन्या माणसाच्या बुडाला सरावलेली आहे, ती राहू दिली. काही दिवस गेले की हवा कमी होते आणि चाक रस्त्याला चिकटल्यासारखं चालतं, म्हणून पंप घरीच ठेवला आहे.

हिशेब तुला आवडणार नाही, पण करून दाखवतो. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कर्बवायू निघतो. आपली स्कूटर लिटरला ४५-४६ किलोमीटर देते, म्हणजे किलोमीटरला ५० ग्रॅम. झिंगाबाई टाकळीहून सदरला जाऊन यायला दहा किलोमीटर धरले तर अर्धा किलो. एसीच्या एका रात्रीची भरपाई करायला मला शंभर किलोमीटर सायकल मारावी लागेल. तेव्हा 'बाबा सायकल चालवतात, आता पृथ्वी वाचली' असं मैत्रिणींना सांगत फिरू नकोस.

तरी मी चालवतो, आणि चालवणार. सगळीकडे स्कूटरनंच जायचो तेव्हा कोथिंबीर विसरली की किल्ली घेऊन पुन्हा बाहेर, मग दूध, मग इस्त्रीचे कपडे. त्या छोट्या फेऱ्यांत इंजिन गरम होण्याआधीच घर येतं आणि किलोमीटरमागे पेट्रोल सगळ्यात जास्त तिथंच जातं. सायकलवर माणूस निघायच्या आधी डोकं चालवतो. चार कामं एका रस्त्याला लावतो, आणि जे लांब आहे ते खरंच हवं का, हे पायांना विचारतो. आमच्या घरी पेट्रोल वाचलं ते जास्त करून यामुळे.

आत्याकडे जयप्रकाश नगरला जायचं तर कडबी चौकापर्यंत सायकल आणि पुढे मेट्रो. सायकल मेट्रोच्या डब्यात नेऊ देतात, हे अजून अर्ध्या नागपूरला माहीत नाही. लिफ्टनं वर नेली, डब्याच्या टोकाला टेकवून उभा राहिलो, तर एक कॉलेजचा पोरगा म्हणतो, 'काका, ही आत चालते?' चालते म्हटलं, तूही आण.

कोराडी रोडवर मात्र मी सायकल घालत नाही. राखेचे आणि गिट्टीचे ट्रक, आणि मानकापूरच्या पुलाखाली कोण कुठून येईल सांगता येत नाही. आतल्या गल्ल्यांनी पाच मिनिटं जास्त लागतात, ती देतो. सायकलचं गुणगान करणाऱ्यांनी एकदा ते वळण पार करून दाखवावं. मेमध्ये आठच्या आत परत. दुपारी चौकाचौकात सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधतात, गाडीवाल्यांना तेवढी सावली मिळते. पण जाळी ते जाळी मधलं अंतर सायकलवाल्यानं कसं काढायचं? आजी खिशात कांदा ठेव म्हणते. ठेवतो, वाद कोण घालेल.

स्कूटर विकणार नाही. विकली तर ती आपल्या फाटकातून जाईल, रस्त्यावरून नाही, घेणारा चालवणारच. आईला रात्री-बेरात्री आणि पावसात ती लागते.

गच्चीवर सोलर बसलं, ३ किलोवॅट, ७८ हजार सबसिडी वजा जाता. आम्हा कोळशावाल्यांच्या कॉलनीत पहिला नंबर माझा नाही, शेजारच्या टर्बाइनवाल्यानं आधीच लावलं. दिवसाला बारा युनिटं येतात. तुला वाटेल मेच्या उन्हात जास्त येत असतील. तसं होत नाही. पॅनेल ६०-६५ अंशांपर्यंत तापतं आणि २५ च्या वर प्रत्येक अंशाला थोडी थोडी वीज घटते. धूळ तर आहेच. मी पहाटे पाणी मारतो, तापलेल्या काचेवर दुपारी मारू नये.

बिल जवळजवळ शून्य आलं तेव्हा तू फोनवर म्हणालीस, 'म्हणजे आता एसी फुकट!' पैशांनी फुकट. दुपारी आपण वीज ग्रिडला देतो तेव्हा ती भरपूर असते. रात्री एसीसाठी परत घेतो ती बहुतेक कोळशाचीच असते. मीटर दोन्ही वजा करून शून्य दाखवतो, बॉयलर तसं करू शकत नाही. सूर्य चढला की कोळशाच्या संचांना लोड उतरवावा लागतो आणि दिवेलागणीला झपाट्यानं पुन्हा चढवावा लागतो. त्या चढउतारात कोळसा युनिटमागे जास्तच जळतो आणि नळ्यांना त्रास होतो तो वेगळा. म्हणून आपल्या घरी वॉशिंग मशीन, पाण्याची मोटार, इस्त्री, दळण हे सगळं अकरा ते तीनमध्ये. तुमच्या सोसायटीत सोलर नसलं तरी हे तुलाही करता येईल, सुट्टीच्या दिवशी तरी.

एक गोष्ट यादीत नव्हती, म्हणून मीच घालतो. तू दिवाळीला विमानानं आलीस. पुणे-नागपूर विमानात माणशी ५०-६० किलो कर्बवायू पडतो, येऊन-जाऊन शंभराच्या वर. माझ्या दहा किलोमीटरच्या दोनशे फेऱ्या. सुट्ट्या कमी असतात, कळतं मला. कंपनी सोमवारी सकाळी हजर व्हा म्हणते, तेही कळतं. पण आता पुणे-अजनी वंदे भारत आहे, ती दिवसाची. आणि गरीबरथ आहेच. तिच्यात संध्याकाळी बसलीस की सकाळी घरी.

तेव्हा तुझ्या फ्लॅटची गेल्या वर्षभराची वीजबिलं फोटो काढून पाठव. कुठल्या महिन्यात फुगतंय ते पाहून मी सांगतो, गिझर की एसी. फ्रिज घरमालकाचा असेल तर त्याच्या दाराचं रबर कागद अडकवून बघ. कागद सहज निघून आला तर तिथून चोवीस तास गळती चालू आहे.

आणि दिवाळीची तारीख आत्ताच ठरव. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, सकाळी आठला, आणि दहा मिनिटांत वेटिंगवर जातं. तुझ्यानं आठला उठणं होणार नाही, मीच काढतो. खालचा बर्थ मिळेलच असं धरू नकोस.

तुझा,
बाबा