गोड पाणी आणि खारी वाळू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गल्फमधल्या नोकऱ्यांबद्दल आपण छापलेली माहिती वाचली. पगार, व्हिसा, राहायची सोय सगळं आलंय पण तिथल्या जमिनीबद्दल एक ओळ नाही, आणि आपली सिव्हिलची पोरं दरवर्षी तिकडे जातात म्हणून हे पत्र. मी स्वतः अबुधाबीला बारा वर्षं साइटवर होतो.

तिथे किनाऱ्यालगत सपाट खारी जमीन असते, तिला सबखा म्हणतात. खालचं खारं पाणी वर चढतं, उन्हाने उडून जातं आणि मीठ आणि जिप्सम (पाण्यात थोडासाच विरघळणारा एक क्षार) वाळूच्या कणांमध्ये बसून राहतं. कोरडी असताना ही जमीन इतकी कडक की पहार मारली तर खणकन वाजते, बोअर घेतला तर एन व्हॅल्यू (ठोके मारून मोजलेला जमिनीच्या घट्टपणाचा आकडा) पण मस्त येते. पण ती ताकद सगळी वाळूची नसते हो, बरीचशी मिठाची असते.

आमच्या साइटवर वॉचमन केबिनचं फुटिंग, म्हणजे पायाचं काँक्रीट, अशाच जमिनीवर टाकलं, सॉइल रिपोर्ट चांगला होता. मग शेजारी लॉन केलं, रोज पाणी सुरू झालं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात एक कोपरा चार बोटं खचला, भिंतीला जिन्यासारखी तिरकी चीर गेली. त्या रिपोर्टवर मी भरवसा ठेवला होता, ते अजून मनाला लागतं.

होतं असं की मीठ विरघळून गेलं की त्याच्या जागी पोकळी राहते, आणि वाळू लगेच खाली बसत नाही, उरलेले कण एकमेकांना टेकून कमानीसारखे उभे राहतात, म्हणून वरून जमीन थोडीच खचलेली दिसते पण आत ती भुसभुशीत झालेली असते. घट्ट वाळू सरकायची तर कणांना एकमेकांवर चढावं लागतं, तिची जास्तीची ताकद त्यातच असते. सैल झाली की कण चढत नाहीत, सरळ पोकळीत घसरतात. घरी करून बघा, प्लास्टिकच्या बाटलीचं वरचं तोंड कापा, बुडाला बारीक भोकं पाडून आत फडकं घाला, वाळू आणि जाडं मीठ मिसळून दाबून भरा, वरून हळूहळू पाणी सोडत राहा. वाळू जरा खाली जाईल, मग बाटलीला टिचकी मारा आणि किती बसते ते पाहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जागेवरचं पाणी आधीच मिठाने भरलेलं असतं, ते वापरून जमीन भिजवून टेस्ट केली तर फारसं काही विरघळत नाही आणि रिपोर्ट पास होतो! घात करतं ते गोडं पाणी, म्हणजे लॉन, फुटलेली पाइप, सेप्टिक टँक. लिटरभर पाण्यात मीठ साधारण ३६० ग्रॅम विरघळतं, जिप्सम जेमतेम दोन-अडीच ग्रॅम, म्हणून जिप्समचा त्रास वर्षानुवर्षं चालतो. इराकमधल्या मोसूल धरणाखाली जिप्समचे थर आहेत, तिथे १९८६ पासून ग्राउटिंग, म्हणजे पोकळ्यांमध्ये सिमेंटचा घोळ दाबून भरणं, करत राहावं लागतंय.

आपल्या मुरमात हा प्रश्न सहसा येत नाही, पावसाने क्षार कधीच धुऊन नेलेत, त्यामुळे आपल्या पोरांना याची सवयच नसते. तिकडे जाणाऱ्यांनी एवढंच करावं, रिपोर्ट हातात आला की मातीत विरघळणारे क्षार किती ते आधी शोधा (आपल्याकडे त्या टेस्टसाठी आयएस २७२० भाग २१ हे भारतीय मानक आहे) आणि गोड्या पाण्याने भिजवून परत टेस्ट मागा, साहेब चिडला तरी मागा.

आपला,
एक निवृत्त साइट इंजिनिअर, सांगली