युरिडिसी स्वतःच पाताळात उतरते

महोदय,

ग्रीक पुराणकथांवरच्या आजच्या गाण्यांची चर्चा अमेरिकी गायिका-गीतकार अनाइस मिचेल यांच्या ‘हेडीसटाउन’शिवाय अपुरी आहे. २०१० साली अल्बम, २०१९ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर संगीतिका, ८ टोनी पुरस्कार (अमेरिकी रंगभूमीचे मानाचे पुरस्कार).

खरे मोल कथेतल्या बदलाचे आहे. रोमन कवी ओव्हिडच्या काव्यात गायक ऑर्फियसची पत्नी युरिडिसी सर्पदंशाने मरते. मागे वळून न पाहण्याच्या अटीवर तो तिला पाताळातून परत आणत असतो, पण वळून पाहतो आणि ती दुसऱ्यांदा नाहीशी होताना जेमतेम निरोपाचा एक शब्द बोलते. मिचेल यांची युरिडिसी भुकेपोटी, स्वतःच्या निर्णयाने पाताळात जाते.

त्यातले भिंतीचे गाणे (‘व्हाय वी बिल्ड द वॉल’) तर मुद्दाम ऐकावे. पाताळाचा राजा हेडीस ‘आपण भिंत का बांधतो?’ असा प्रश्न विचारतो, कामगार तोच प्रश्न घोळवून उत्तर देतात. प्रत्येक कडव्यात मागची उत्तरे पुन्हा येतात, साखळी लांबते आणि ऐकणाऱ्यालाही तो तर्क पटू लागतो. विलक्षण रचना! ते २०१६च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीवर, ट्रम्प यांच्या सीमेवरील भिंतीच्या घोषणेवर लिहिले असे अनेकांना वाटते, पण ते २०१०च्या अल्बममध्येच आहे.

नव्या श्रोत्यांनी हा अल्बम आधी ऐकावा (हेडीसची राणी पर्सेफनीला आवाज गायिका अॅनी डिफ्रँको यांचा), ब्रॉडवेचे ध्वनिमुद्रण नंतर. मोबाइलवरचे ‘शफल’ मात्र बंद ठेवावे. क्रम मोडला की युरिडिसी का गेली हेच कळत नाही, आणि मग सगळा दोष ऑर्फियसच्या मागे वळून पाहण्यावर जातो.

– एक वाचक, नाशिक