एका ठिपक्यावरून तेल शुद्ध ठरत नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सणासुदीच्या तोंडावर खाद्यतेलातील भेसळीची चर्चा सुरू झाली की तेल तपासण्याच्या सोप्या युक्त्याही फिरू लागतात. अलीकडे त्यांत ‘टीएलसी’ म्हणजे थिन लेअर क्रोमॅटोग्राफीची (पातळ थरावर पदार्थाचे घटक वेगळे करण्याच्या पद्धतीची) भर पडली असून, ‘पट्टिकेवर एकच ठिपका आला, म्हणजे तेल शुद्ध’ असे काही विक्रेते ग्राहकांना सांगताना मी ऐकले आहे. जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून नाशिकमध्ये अनेक वर्षे हीच प्रात्यक्षिके करून घेतलेली असल्यामुळे, या विधानात नेमकी कोठे गफलत आहे ते आपल्या वाचकांसमोर मांडावेसे वाटते.

पद्धत स्वस्त आणि चांगली आहे, याबद्दल वाद नाही. युक्रेनमधील खार्कीव्ह येथील इझमाइलोव्ह आणि श्रायबर यांनी 1938 मध्ये काचेवरील पातळ थरावर वनस्पतींचे अर्क वेगळे करून दाखवले आणि पुढे 1950 च्या दशकात एगॉन श्टाल यांनी तिला शिस्त लावली. काचेवर किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर सिलिका जेलचा पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा थर असतो. खालच्या कडेपासून दीडेक सेंटीमीटरवर पेन्सिलीने रेघ ओढून तिच्यावर पातळ केलेल्या तेलाचा बारीक ठिपका देतात (शाईची रेघ विद्रावकाबरोबर वर पळते, म्हणून पेन्सिलच हवी) आणि पट्टिका झाकणाच्या काचपात्रात थोड्याशा विद्रावकात उभी करतात. विद्रावक थरातून वर चढतो आणि तेलातील घटकांना कमीअधिक उंचीवर घेऊन जातो. तेल-तुपासाठी हेक्झेन, डायएथिल ईथर आणि ॲसेटिक आम्ल यांचे 80:20:1 हे मिश्रण सर्रास वापरले जाते. त्यातला ॲसेटिक आम्लाचा थेंब मुक्त मेदाम्लांच्या ठिपक्याला शेपूट फुटू देत नाही, म्हणजे तो लांबट पसरत नाही.

सिलिका ध्रुवीय (पाण्याशी जवळीक असणाऱ्या) पदार्थांना धरून ठेवते आणि अध्रुवीय (तेलकट स्वभावाच्या) पदार्थांना जाऊ देते. त्यामुळे हायड्रोकार्बन आणि स्टेरॉलची एस्टरे सर्वांत वर जातात, त्यांच्या खाली ट्रायग्लिसराइडे, मग मुक्त मेदाम्ले, त्यानंतर स्टेरॉले आणि डायग्लिसराइडे, बरीच खाली मोनोग्लिसराइडे असा क्रम लागतो, आणि फॉस्फोलिपिडे सुरुवातीच्या रेघेवरच बसून राहतात. त्यांना हलवायचे असेल तर क्लोरोफॉर्म, मिथेनॉल आणि पाणी यांचे 65:25:4 असे वेगळेच मिश्रण घ्यावे लागते. म्हणजे ही पट्टिका लिपिडाचा, म्हणजे स्निग्ध पदार्थाचा, वर्ग सांगते, ते कोणत्या बियांतून आले हे सांगत नाही. शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल, पाम ही सगळी तेले मुख्यत्वे ट्रायग्लिसराइडेच असल्याने त्यांचा मोठा ठिपका जवळपास एकाच उंचीवर येतो. शेंगदाणा तेलात निम्मे पामतेल मिसळले तरी वरील मिश्रणात ‘एकच ठिपका’ दिसेल, आणि ग्राहक समाधानाने डबा घेऊन घरी जाईल.

याहून मोठा घोटाळा उलट दिशेने होतो, आणि तो नाशिककरांनी विशेष समजून घ्यावा, कारण आपल्याकडे लाकडी घाण्याच्या तेलाची आवड पुन्हा वाढली आहे आणि पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातील खुरासणीचे तेल आवर्जून मागणारी घरेही आहेत. घाण्याचे तेल रिफाइंड केलेले नसते. त्यात थोडी मुक्त मेदाम्ले, फॉस्फोलिपिडे आणि इतर बारीकसारीक घटक राहतात, म्हणून पट्टिकेवर मुख्य ठिपक्याखाली आणखी काही फिकट ठिपके येणे स्वाभाविक आहे. कारखान्यातील शुद्धीकरणात नेमके हेच घटक काढून टाकलेले असतात. तेव्हा ‘एक ठिपका म्हणजे शुद्ध’ हा नियम लावला तर स्वस्त रिफाइंड पामतेल उत्तीर्ण होईल आणि प्रामाणिक घाणेवाला भेसळखोर ठरेल.

मग या चाचणीचा उपयोग कोठे आहे? जेथे भेसळीचा पदार्थ वेगळ्या वर्गाचा आहे, तेथे ती अतिशय बोलकी आहे. खनिज तेल हे हायड्रोकार्बन असल्याने विद्रावकाच्या आघाडीबरोबर थेट वर जाते आणि डायक्लोरोफ्लुओरेसिनची फवारणी करून अतिनील दिव्याखाली पाहिल्यास पिवळे चमकते. एरंडेलातील रिसिनोलेइक आम्लाला एक जादा हायड्रॉक्सिल गट असल्याने त्याची ट्रायग्लिसराइडे इतर तेलांच्या मागे, खाली रेंगाळतात आणि ती लपवता येत नाहीत. पिवळ्या धोत्र्याच्या तेलातील सँग्विनारिन हे लिपिड नव्हे, अल्कलॉइड आहे, पण त्याचा अर्क पट्टिकेवर चढवला की अतिनील प्रकाशात ते चमकते. 1998 मध्ये दिल्लीत याच भेसळीच्या मोहरी तेलाने माणसे दगावली होती, हे आठवले तर या साध्या चाचणीचे मोल कळेल.

तळणीच्या तेलाबाबतही पट्टिका बरेच सांगते. तेल पुन्हा पुन्हा तापवले की ट्रायग्लिसराइडे तुटून मुक्त मेदाम्ले आणि डायग्लिसराइडे वाढतात, ऑक्सिडीकरणातून ध्रुवीय पदार्थ तयार होतात आणि खालच्या भागात ठिपक्यांऐवजी मळकट पट्टा उमटतो. त्याच घाऊक डब्यातील न वापरलेले तेल शेजारी लावले असेल तर फरक डोळ्यांना दिसतो. मात्र कायद्याची मर्यादा आकड्यात आहे: एकूण ध्रुवीय संयुगे 25 टक्क्यांहून अधिक झालेले तेल 1 जुलै 2018 पासून वापरता येत नाही, आणि तो आकडा पट्टिकेकडे पाहून काढता येत नाही. फरसाणाच्या किंवा मिसळीच्या दुकानावर असा पट्टा दाखवून आरोप करण्यापूर्वी मोजणी करून घेणेच योग्य.

ठिपके दिसतात कसे, याकडेही बातमीदारांचे लक्ष असावे. आयोडीनच्या वाफेत पट्टिका ठेवणे सर्वांत सोपे, पण आयोडीन प्रामुख्याने असंतृप्त लिपिडांना रंगवते. त्यामुळे मुख्यत्वे संतृप्त असलेल्या खोबरेल तेलाचा ठिपका त्याच प्रमाणातील खुरासणी तेलापेक्षा खूपच फिका दिसतो, आणि रंगाच्या गडदपणावरून प्रमाण ठरवणारा माणूस फसतो. शिवाय हे डाग काही वेळाने उडूनही जातात. फॉस्फोमॉलिब्डिक आम्ल फवारून तापवल्यास पिवळ्या पार्श्वभूमीवर निळसर-हिरवे ठिपके येतात. सल्फ्युरिक आम्ल फवारून तापवल्यास सगळेच सेंद्रिय पदार्थ कोळसा होऊन कायमचे दिसतात.

आपल्या हवेचाही यात हात असतो. पावसाळ्यात सिलिका हवेतील ओलावा शोषून घेते आणि ठिपके एरवीपेक्षा वर सरकतात, म्हणून पट्टिका आधी 110 अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवावी लागते. ईथर 35 अंशांनाच उकळते, तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत काचपात्रातील मिश्रणाचे प्रमाण बघता बघता बदलते. ईथर आणि हेक्झेन दोन्ही झटकन पेट घेणारी असल्याने हा स्वयंपाकघरात करून पाहण्याचा प्रयोग नव्हे, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. या सर्व कारणांमुळे ज्ञात नमुने त्याच पट्टिकेवर, शेजारी चढवल्याशिवाय कोणत्याही ठिपक्याची ओळख पटत नाही. पुस्तकातील उंचीशी ताडून पाहणे पुरेसे नाही.

तेल कोणत्या बियांचे, हा प्रश्न असेल तर मेदाम्लांचे परस्पर प्रमाण काढणारी गॅस क्रोमॅटोग्राफी हवी. सिल्व्हर नायट्रेट मिसळलेल्या सिलिकेवर द्विबंधांच्या संख्येनुसार ट्रायग्लिसराइडे वेगळी होतात, त्यामुळे खुरासणी आणि पाम यांतील फरक तेथे दिसू शकतो. हे प्रात्यक्षिक आपल्या महाविद्यालयांनी पदव्युत्तर वर्गात घ्यावे आणि नमुने बाजारातले घ्यावेत, असे मला वाटते. बाटलीतील शुद्ध कोलेस्टेरॉल आणि ओलेइक आम्ल ओळखून विद्यार्थी उत्तीर्ण होतात, पण नाशिकच्या रविवार कारंजा बाजारातून आणलेल्या तेलाची पट्टिका वाचता येत नाही, ही स्थिती मी पाहिली आहे.

आपल्या दैनिकाला विनंती एवढीच, की तेलाच्या तपासणीची बातमी छापताना कोणते विद्रावक, कोणते ज्ञात नमुने आणि कोणती फवारणी वापरली, या तीन गोष्टी तपासणाऱ्याला विचाराव्यात आणि शक्य असल्यास पट्टिकेचे छायाचित्र ज्ञात नमुन्यांसह द्यावे. ही माहिती देता येत नसेल तर त्या बातमीत दुकानाचे किंवा ब्रँडचे नाव छापू नये.

आपला विश्वासू,
जीवरसायनशास्त्राचे एक निवृत्त अध्यापक, नाशिक