मागचा दिवा : सायकलवर कामाला जाणाऱ्यांसाठी मंडळाचं आवाहन

स. न. वि. वि.

दसरा झाला. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले, गव्हाणीत उसाची मोळी पडून गाळप सुरू व्हायचं तेवढं बाकी आहे. मोळी पडली की सांगली-मिरज-कुपवाडच्या रस्त्यांवर काय होतं हे आपण दर हंगामात बघतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना लाल दिवा ना रेडियम, वर टेप इतक्या मोठ्यानं की मागून कोणी घंटी वाजवली काय आणि हाका मारल्या काय, सारखंच. त्याला ओलांडायला निघालेली मोटार नेमकी साइडपट्टीवर उतरते, आणि साइडपट्टीवर आपला सायकलवाला असतो. ती पट्टीही पावसाळ्यात खचलेली. तो बिचारा जाणार कुठे?

आपलं सायकल मंडळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर २६ जानेवारीची फेरी आणि टी-शर्ट येतात. फेरी चांगलीच होते, त्याचा अभिमान आहेच. पण या वेळचं आवाहन रविवारी हौसेनं सायकल काढणाऱ्यांसाठी नाही. त्यांच्याकडे हेल्मेट आहे, दिवे आहेत. हे आहे बामणोली, सावळी, बुधगावहून कुपवाड एमआयडीसीत पाळीला येणाऱ्या कामगारांसाठी, पहाटे पेपर आणि दूध टाकणाऱ्या पोरांसाठी, रात्रपाळी करून घरी जाणाऱ्या वॉचमनसाठी. त्यांच्या सायकलींना मागे लाल दिवा आणि रेडियम पट्टी बसवून द्यायची आहे, त्यासाठी देणगी आणि हात हवेत.

गेल्या हंगामात अशाच एका वॉचमनकाकांना पहाटे मागून पिकअपनं उडवलं. गाडी थांबली नाही. मांडीत रॉड पडला, चार महिने घरी. थांबलेल्या दोन जणांनीही बराच वेळ हात लावला नाही, का तर पोलिसांचं झंझट नको. म्हणून परत एकदा लिहितो : जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चं संरक्षण आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही. १०८ लावा आणि माणूस उचला. आणि धडकून पळालेली गाडी सापडली नाही तरी सरकारी योजनेतून गंभीर जखमीला ५० हजार आणि मृताच्या वारसाला २ लाख रुपये मिळतात, २०२२ पासून. काकांचा अर्ज आपल्याच खजिनदारांनी भरून दिला. घरच्यांना ही योजना ठाऊकच नव्हती.

आता दिव्याचं गणित, कारण बैठकीत "एवढ्याशा दिव्यानं काय होतंय" असं एका ज्येष्ठांनी विचारलं होतं. सायकल ताशी १२ नं चालते, मागची गाडी ६० नं येते. म्हणजे अंतर सेकंदाला १३ मीटरनं तुटतं. काळ्या कपड्यातला माणूस डिपरच्या (खाली पाडलेल्या दिव्याच्या) उजेडात जेमतेम ३० मीटरवर दिसतो. ड्रायव्हरच्या हातात उरले सव्वादोन सेकंद, त्यात समोरून कोणी अप्पर (डोळ्यांवर येणारा प्रखर झोत) मारला असेल तर तेही नाहीत. लुकलुकणारा लाल दिवा १५० मीटरवरूनही दिसतो. झाले ११ सेकंद. ११० रुपयांच्या दिव्यात नऊ सेकंद मिळतात, ज्येष्ठांनी आता देणगी द्यावी.

इथे जुन्यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. २०१९ च्या महापुरानंतर गावभागातल्या घराघरातून चिखलानं भरलेल्या सायकली निघाल्या, तेव्हा आपल्या पोरांनी मारुती चौकाजवळ मांडव घालून साडेतीनशेच्या वर सायकली धुऊन, बेअरिंग बदलून, ग्रीस भरून फुकट परत केल्या. बेअरिंग आणि ग्रीस खणभागातल्या आपल्या हार्डवेअरवाल्या शेठनी दिलं. त्यांच्याच दुकानात कमरेवर पाणी होतं, तरी बिल मागितलं नाही. मिरजेतल्या सतार करणाऱ्या चाचांनी एका तंबोऱ्याची सगळी मजुरी आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मीही चाळीस वर्षं सायकलवरच दुकानाला जातो." मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यांनी हमालांच्या सायकलींना पहिले ८० दिवे लावून दिले, तिथूनच ही मोहीम सुरू झाली. निवृत्त शिक्षिका असलेल्या आपल्या आक्का दर पहिल्या तारखेला पेन्शनमधले २०० रुपये पाठवतात, एकही महिना चुकलेला नाही. ही माणसं आहेत म्हणून मंडळ आहे.

आणि बाकीच्यांचं? राग मानू नका, पण गेल्या वर्षीच्या आवाहनाला ग्रुपवर १४३ अंगठे आले आणि पैसे ११ जणांचे. फिटिंगच्या दिवशी सहा जण, त्यातले दोन माझ्याच घरचे. टी-शर्ट वाटपाला मात्र रांग होती. असो. लिहिणार नव्हतो, लिहून गेलं.

मोटार चालवणाऱ्या सभासदांना (आपण सगळेच चालवतो) पैशाखेरीज एवढंच : सायकलला ओलांडताना हातभर नव्हे, चांगलं मीटरभर अंतर सोडा, पुढे जाऊन लगेच डावीकडे कट मारू नका, आणि रस्त्याकडेला गाडी लावल्यावर दार उघडण्याआधी आरशात बघा. आपल्यातल्याच एकाच्या दारावर गेल्या वर्षी दूधवाला पोरगा आपटला. नाव लिहीत नाही, त्यांना कळलंय.

तपशील : दिवा ११० + रेडियम पट्टी व क्लिप ४० = एका सायकलला १५० रु. ६०० सायकली, एकूण ९०,०००. शिल्लक ३१,४००, कमी ५८,६००. रोख खजिनदारांकडे, पावती घ्यावीच. चेक मंडळाच्या नावे. स्कॅनरचा कोड आपल्या नेहमीच्या सायकल दुकानाच्या काउंटरवर चिकटवला आहे. देणगीवर आयकराची ८०-जी ची सवलत नाही, दर वर्षी विचारतात. चालू स्थितीतले जुने दिवे, घंट्या चालतील. फुटकी हेल्मेटं आणू नयेत. ज्यांचा ऊस जातो त्यांनी आपल्या ट्रॅक्टरवाल्यासाठी रेडियमचं कापड न्यावं, २० तुकडे आहेत, पैसे नकोत. पैसे मोळी पडायच्या आत हवेत, घाऊक व्यापारी उधार देत नाही. फिटिंग पुढचे दोन शनिवार, एमआयडीसीच्या गेटवर, संध्याकाळी ५ ते ७, पाळी सुटताना. स्क्रू-ड्रायव्हर आपापला.

आपला,
सचिव

ता. क. मंडळाचा उभा पंप गणपतीपासून कोणाकडे तरी आहे. फिटिंगला लागणार आहे, कृपया दुकानात आणून ठेवावा. कोणी नेला हे विचारणार नाही.