अण्णांना पुण्याला न्यायचं का?

अंबाजोगाई

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू पुन्हा तेच काढलंस, अण्णांना लकवा झालाय तर पुण्याला आणा, इथं व्यायाम करून घेणारं मोठं रिहॅब सेंटर आहे. जावईबापूंनी चौकशीही केली म्हणे. तुमची माया कळते गं. पण मी नाही का म्हणते, ते फोनवर बोलता येत नाही. अण्णा शेजारीच बसलेले असतात. बोलता येत नसलं तरी त्यांना कळतं सगळं.

डॉक्टर म्हणाले, पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सगळ्यात भराभर होते, तेवढ्या काळात व्यायामाला खाडा नको. आता ते काठी धरून ओट्यापर्यंत जायलेत. स्वारातीत, म्हणजे इथल्या स्वामी रामानंद तीर्थ सरकारी दवाखान्यात, फिजिओथेरपीला नेते, बाकी घरी मी करून घेते. तिथल्या बाहेरच्या बाकावर जे शिकायला मिळतं ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं बघ. केजच्या एका बाईनं दाखवलं, सदरा घालताना लुळ्या हाताची बाही आधी आणि काढताना शेवटी. हाताला धरून ओढून उठवायचं नाही, खांदा निखळतो. पातळ पाण्यानं ठसका लागतो म्हणून ताठ बसवून घोट घोट दाट ताक नाहीतर आंबील देते.

बोलण्याचं सांगते. ‘पाणी’ म्हणायचं तर ओठ नुसते हलतात, मग चिडतात, कधी रडतात. पण परवा मोंढ्यातले दिवाणजी आले. बसल्या बसल्या म्हणाले, “अण्णा, पावकी आठवते का?” पावकी म्हणजे पावाचा जुना पाढा गं. तर पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, एका दमात! मी पदर तोंडाला लावून हसले. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. पाढे, वार, भजन असलं तोंडपाठ बोलणं पुष्कळदा शाबूत राहतं, तिथूनच सुरुवात करा म्हणाले. आता दिवाणजी रोज संध्याकाळी येतात. पुण्यात तुमच्या सातव्या मजल्यावर त्यांना पावकी कोण विचारणार?

एका बाबतीत मात्र तुझं खरं आहे. बोलण्याची थेरपी शिकवणारं माणूस इथं सहज मिळत नाही. तेवढं तू तिकडं शोध. व्हिडिओवरही शिकवतात म्हणे, मोबाइल मी धरून बसते.

दुसरं काम दिव्यांग प्रमाणपत्राचं. परळीच्या एका ताईंनी सांगितलं, ४० टक्के किंवा जास्त भरलं की एसटीत ७५ टक्के सवलत मिळते, आणखीही योजना आहेत. टक्केवारी लगेच ठरवत नाहीत, सुधारणा कुठवर होते ते बघतात, पण स्वावलंबन पोर्टलवरचा अर्ज तू समजून घेऊन ठेव. आधार आणि डिस्चार्ज कार्डाचे फोटो पाठवते. दवाखान्यात भरती असतानाचा खर्च सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसला, त्यामुळे पैशाची घाई करू नकोस.

गावात सल्ले देणारे लई झालेत. एक जण कबुतराच्या रक्तानं मालिश करा म्हणून गेला. चहा पाजून वाटेला लावला. तेलानं हात चोळते मी, त्यांना बरं वाटतं, पण बीपीची गोळी आणि व्यायाम त्यापायी सुटू देत नाही. तंबाखूची डबी कोनाड्यातून कधीच फेकली. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोबडी वळली तर थांबायचं नाही, लगेच १०८, हे शेजारच्या पोरांनाही पढवून ठेवलंय. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लकवा सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो.

रडण्याचं मी डॉक्टरांच्या कानावर घातलंय. लकव्यानंतर तिघांतल्या एकाला अशी उदासी येते म्हणे, त्यावर औषध असतं. १४४१६ ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, तिच्यावर फुकट बोलताही येतं, मराठीत. एकदा मीच लावला होता, स्वतःसाठी. कुणाला सांगू नकोस.

तू चार दिवस राहायला ये, पण त्यांना न्यायला म्हणून नको. आलीस की रात्रीची पाळी तू घे, मला सलग झोपायचंय. येताना मोबाइलचा स्टँड आण. पेढे नकोत, शुगर वाढलीय.

तुझी,
आई